रविवारचा डोस

देवावर तुझा भरवसा आहे का, असं त्या वर्षी मला कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. भरवसा आहे की नाही ते तपासत बसायला मला सवड नव्हती. माझी पाच वर्षांची शेवंता खेळता खेळता एकाएकी थांबायची, पोटावर दोन्ही हात ठेवायची आणि म्हणायची, "आई, आलं." की मी राख पसरलेलं घमेलं घेऊन धावायची. एकदा सुरू झालं की दिवसभर थोड्या थोड्या वेळानं उलटी. आधी पोटातलं अन्न, मग पाणी, मग हिरवं-पिवळं पित्त, आणि शेवटी काहीच नाही, नुसतं ते इवलंसं अंग कमरेतून वाकायचं. दुसऱ्या दिवशी ती उठून भाकरी मागायची, जणू काही झालंच नाही. मी मात्र पुढचा फेरा कधी येतो म्हणून घरभर फिरत राहायची. माझा स्वभाव मुळात उतावळा. चुलीवर दूध ठेवलं तर ते तापेपर्यंत मला दम निघत नाही. अशा बाईच्या पदरात वाट बघायचं काम आलं होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईची शेवटची वर्षं होती. आमचं गाव पलूसच्या बाजूला, कृष्णेच्या काठचं. तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे, पण मोठा दवाखाना म्हटलं की आम्हाला सांगली. घरात मी, शेवंता आणि तिचे वडील. ते पलटणीत होते. डाव्या हाताची दोन बोटं लढाईत देऊन घरी आले आणि उसाच्या शेतीला लागले. येताना त्यांनी पलटणीतून दोन गोष्टी आणल्या, चहाची सवय आणि डॉक्टरवरचा विश्वास. नवस-अंगाऱ्यांवरचा त्यांचा राग मात्र पलटणीतला नव्हता, तो जुना होता. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी तापानं गेला. सासूबाईंनी आठ दिवस अंगारा लावला, पाजला, आणि नवव्या दिवशी वैद्याला बोलावलं. तोवर उशीर झाला होता. भावाच्या राखेवर त्यांनी शपथ घेतली, नवस-अंगाऱ्याच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. म्हणून शेवंताचं दुखणं सुरू झालं त्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, लेकीच्या तोंडात औषधाबिगर काय बी जायाचं न्हाई. अंगारा न्हाई, तीर्थ न्हाई. कपाळाला लावायचं ते लाव." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तशी पटाईत.

सुरुवात हिवतापातून झाली. पावसाळ्यात शेवंताला थंडी वाजून ताप आला, सरकारी दवाखान्यातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या मिळाल्या. ताप गेला आणि उलट्या लागल्या. आम्हाला वाटलं तापाचं पाणी पोटात उरलंय, म्हणून आणखी कोयनेल दिलं. दुसऱ्या वेळी तिच्या वडिलांच्याच ध्यानात आलं की पुडी दिली की दुपारपर्यंत घमेलं लागतंय. त्यांनी पुडी बंद केली, फेरे कमी झाले. मग त्यांना एक नादच लागला. काहीही दिलं की त्यानंतर काय होतंय ते बघायचं, आणि संशय आला की बंद करायचं. गावच्या वैद्यबुवांचं चाटण बंद केलं. शेजारणीनं दिलेली जंताची गोळी बंद केली. एरंडेल बंद केलं. मी चेष्टेनं म्हणायची, "आवं, आता मला बी बंद करून बघा, तेवढंच ऱ्हायलंय." ते हसायचे, पण डोळे शेवंताकडंच. खरं सांगायचं तर त्यांच्या त्या बंद करण्यातच काहीतरी रीत होती. माझ्याकडं नुसती घाई होती.

तरी महिन्या-दीड महिन्यानं एखादा फेरा यायचाच. म्हणून दिवाळी झाल्यावर आम्ही तिला घेऊन सांगलीला गेलो. तिथले डॉक्टर वयस्क होते, बोलायचे कमी आणि पोट दाबून बघायचे फार वेळ. त्यांनी सांगितलं की काही मुलांचं पोटच असं नाजूक असतं, वयाबरोबर सुधारतं, तोवर जपावं लागेल. आणि एक मिक्श्चर दिलं. काचेची बाटली, बाजूला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली, सकाळी एक खूण आणि संध्याकाळी एक खूण. औषध पांढुरकं आणि चांगलंच आंबट. शेवंता ते घेताना एक डोळा मिटायची.

आणि ते लागू पडलं! पूर्ण एक महिना एकही फेरा आला नाही. पोरीच्या गालावर रंग चढला. अशा वेळी शहाण्या बाईनं काय करावं? गप्प बसावं. मला गप्प बसवेना. इतकं चांगलं चाललंय म्हणजे आता काहीतरी मोडणार, अशी धास्ती माझ्या मनात बसली. सुख दिसलं की मला आधी भीती वाटते, हा माझा दोष आहे आणि तो अजून गेलेला नाही. त्या धास्तीपोटी एका शनिवारी, दिवेलागणीला, मी देव्हाऱ्यापुढं बसून खंडोबाला बोलले: पाच रविवार लेकीचा सकाळचा डोस तुझ्या पुढून उचलून देईन, पाचवा पालीला तुझ्या देवळात येऊन देईन, तिला कायमची बरी कर.

नवऱ्याला दिलेला शब्द मी मोडला नव्हता, असं मी मनाशी घोकत होते. तोंडात औषधाबिगर काही जायचं नाही. मग औषधच तर जात होतं! माझ्या आईनं लग्नात दिलेली एक पितळेची वाटी होती, बुटकी, जाड काठाची. देवाच्या कामाशिवाय ती मी कशालाच वापरत नसे. शनिवारी दिवा लावला की ती वाटी चिंचेनं घासायची, धुऊन पुसून कोरडी करायची, बाटलीतून एक खूणभर औषध तिच्यात ओतायचं, वर बेलाचं पान ठेवायचं आणि देवाच्या टाकापुढं रात्रभर ठेवून द्यायची. रविवारी सकाळी शेवंताचे वडील मोटेवर गेले की ती उचलायची, पोरीला हात जोडायला लावायचे, मी जोडायचे आणि डोस पाजायचा. वाटी रिकामी झाली की आतून बघायची मला सवय लागली. जिथवर औषध असे तिथवर ती सोन्यासारखी लखलखे, वरचा भाग मात्र त्यापुढं फिका दिसे. मला वाटायचं, देवाचा हात लागल्याची खूण आहे ही. हे मी कुणाला बोलले नाही, पण त्या लखलखाटानं माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

पहिल्याच रविवारी शेवंताला उलट्या सुरू झाल्या. महिनाभरानं आलेला फेरा, आणि पूर्वीपेक्षा जोराचा. मी हबकले. पण आमच्या शेजारच्या काकी, नवसाचं मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं, म्हणाल्या, "असू दे गं, आतलं बाहीर पडतंय. देवानं हात घातला की पैल्यांदा ढवळतंय." मला तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या रविवारी पुन्हा तसंच. तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी सोवळ्यात कमी पडतंय. मी वाटी आणखी कसून घासली. औषध दिवेलागणीऐवजी दुपारीच देवापुढं ठेवू लागले, म्हणजे जास्त वेळ राहील. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तो मारुती मी माझ्या हातानं घडवत होते.

तिच्या वडिलांनी त्यांच्या रीतीप्रमाणं मिक्श्चर बंद केलं. औषधच नाही तर देवापुढं काय ठेवणार? दोन रविवार तसेच गेले, आणि शेवंता ठणठणीत. झालं, औषधच वाईट, असं ठरवून ते बाटली पिशवीत घालून तडक सांगलीला गेले. मीही बरोबर होते. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आमची बाटली घेतली, बूच काढलं आणि एक खूणभर औषध आमच्यादेखत पिऊन टाकलं. "बसा तासभर," म्हणाले. आम्ही बसलो. त्यांना काही झालं नाही. मग यांनीही एक खूण पिऊन बघितली, त्यांनाही काही झालं नाही. औषध पुन्हा सुरू झालं. सोमवार ते शनिवार पोरगी नाचत होती. रविवारी घमेलं.

त्या दिवसांतलं त्यांचं तोंड मला आठवतं. रविवारचं म्हणून त्यांनी घरातलं मटण बंद केलं. त्याच आठवड्यात गूळ, शेंगदाणे, वांगं. पुढच्या रविवारी तिला नुसता मऊ भात दिला, तरी तेच. त्या दिवशी शेवंता थकून झोपल्यावर ते उंबऱ्यात बसले होते, हातात ती बाटली घेऊन. उजेडाकडं धरून फिरवून बघत होते. मला म्हणाले, "आगं, बाटली तीच, पट्टी तीच, हात तुझाच. मग रविवारीच काय हुतंय? रविवारी ही बाटली वायली आसती का काय?" मी पदराला हात पुसत उभी होते. इतके जवळ आले होते ते! माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण सांगितलं तर ते रागावतील, त्याहून वाईट म्हणजे हसतील, आणि देवाला हसलेलं पुन्हा पोरीवर येईल. मी म्हटलं, "मला काय म्हाईत?" आणि चुलीकडं वळले. माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण त्या तीन शब्दांइतकं महाग दुसरं कुठलं पडलेलं नाही.

चार रविवार भरले. पोरगी वाळून गेली होती, तिच्या पायांतले वाळे घोट्यावरून घसरायचे. डॉक्टरांचा निरोप आला होता की हे असंच चाललं तर मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागेल, अंगातलं पाणी असंच आटत गेलं तर ते भरवसा देऊ शकत नाहीत. आणि मग एका सकाळी, मी पालीचा विषय कसा काढावा या काळजीत असताना, यांनीच तो काढला. म्हणाले, "चल, पालीला जाऊन येऊ. माझं समदं बंद करून झालं. आता माझ्याकडं बंद करायला काय उरलं न्हाई." ते इतक्या हळू म्हणाले की मला आनंद व्हायच्याऐवजी रडू आलं. ज्या माणसानं भावाच्या राखेवर शपथ घेतली होती त्याची ती शपथ मी मोडायला लावली होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

शनिवारी निघालो. कऱ्हाडपर्यंत आगगाडी, तिथून उंब्रजकडं जाणारी सर्व्हिस मोटार. पेट्रोल लढाईला लागत होतं, म्हणून ती मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागं एक भलंमोठं पिंप, त्यात कोळसा धुमसत असायचा आणि चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. माझ्या गाठोड्यात धडुत्यात बांधलेला देवाचा टाक, ती वाटी आणि औषधाची बाटली. मी मनातल्या मनात वेळ मोजत होते. दिवेलागणीच्या आत पालीच्या धर्मशाळेत पोचायचं, वाटी मांडायची, सकाळी पाचवा डोस. पण उंब्रज यायच्या आधीच मोटार खोकली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. ड्रायव्हर पिंप उघडून काजळीनं काळा झाला. उतारू एकेक करून गाठोडी उचलून चालते झाले. शेवंता चालण्यासारखी नव्हती. यांनी आम्हाला एका आंब्याखाली बसवलं आणि ते बैलगाडी मिळते का बघायला पुढच्या वस्तीकडं गेले.

माझा जीव नुसता वरखाली होत होता. उठावं, रस्त्यावर जाऊन बघावं, परत यावं, शेवंताच्या कपाळाला हात लावावा, पुन्हा उठावं. सूर्य कलला तसं मला राहवेना. म्हटलं, देव काय पालीतच आहे का, इथंच मांडू. आंब्याच्या बुंध्याशी एक दगड होता, तो पुसला, टाक ठेवला, भंडारा वाहिला, वाटीत एक खूणभर औषध ओतलं आणि बेल नव्हता म्हणून आंब्याचं पान वर ठेवलं. कधी एकदा हा नवस पुरा होतो असं मला झालं होतं. त्यात भक्ती किती आणि घाई किती, हे त्या देवालाच ठाऊक.

शेजारच्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता, म्हणजे खतासाठी शेतात बसवलेली मेंढरं आणि त्यांच्याभोवती माणसांचं बिऱ्हाड. तिथून एक म्हातारी आमच्याकडं आली. अंगावर जाड लुगडं, कपाळावर मळवट भरावा तसा भंडारा, हातात मातीचं गाडगं. ती शेवंतापाशी वाकली आणि म्हणाली, "लेकराचं तोंड लय सुकलंय गं. शेताच्या मालकिणीनं ताजं ताक दिलंय, घोटभर पाज. भांडं काढ." आमच्याकडं तांब्या होता, पण तो पाण्यानं भरलेला. म्हातारीची नजर दगडावरच्या वाटीवर गेली. आणि मी काही म्हणायच्या आत तिनं गाडगं छातीशी ओढून घेतलं.

"त्यात नगं पोरी. पितळ हाय ते. ताक कळकंल, लेकराला उलट्या हुतील."

आधीच माझं डोकं तापलेलं. एक तर मला माहीत असलेली गोष्ट कुणी शिकवली की मला खपत नाही. मी फणकारले, "आवं आजी, बिनकल्हईच्या पितळंत ताक घालू न्हाई एवढं मला कळतंय! सासरी आले त्या पैल्या दिवशी सासूनं सांगितलंय. ती देवाची वाटी हाय. तिच्यात ताक न्हाई वतत, लेकीचं औषध हाय त्यात."

"कसलं औषध?"

"पोटाचं. आंबट आसतंय, चिंचंगत..."

आणि माझं तोंड तिथंच राहिलं.

चिंच. दर शनिवारी मी ती वाटी चिंचेनं घासत होते. चिंच पितळेला का लावतात? ती पितळ खाते म्हणून. वरचा थर काढते म्हणून भांडं लखलखतं. माझ्या देवाची खूण! जिथवर औषध होतं तिथवर सोन्यासारखी झालेली वाटी! ते आंबट औषध रात्रभर पितळ खात होतं आणि सकाळी ते मी माझ्या लेकीला पाजत होते. जी बाई ताकाचा थेंब पितळेला लागू देत नव्हती, लिंबाचं लोणचं चिनी बरणीशिवाय घालत नव्हती, ती ही मीच. पण औषध म्हणजे काही अन्न नव्हे, आणि देवाची वाटी म्हणजे काही स्वयंपाकघरातलं भांडं नव्हे. म्हणून माझं सगळं शहाणपण देव्हाऱ्याच्या पायरीशी थांबलं होतं. मी पान बाजूला केलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थोडा वेळच झाला होता, तरी आंबटपणाच्या मागं पैसा चोखल्यासारखी चव आली. मी थुंकले. मग मला हुंदका आवरेना.

म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिनं गाडगं खाली ठेवलं आणि ती माझ्याशेजारी बसली. मी तिला सगळं सांगितलं, नवऱ्याला दीड महिना जे सांगितलं नव्हतं ते. आणि शेवटी विचारलं, "चार रविवार झाल्यात, उद्याचा पाचवा. दारात येऊन नवस मोडला तर द्येव कोपंल का?" आज हसू येतं, पण त्या घटकेला ते माझ्यापुढं खरंच उभं होतं. विष आहे हे कळूनही माझा हात ती वाटी उपडी करायला धजत नव्हता. न पाजावं तर नवस मोडतो, पाजावं तर पोरगी जाते, आणि मी विचारत होते की काय करू!

म्हातारी म्हणाली, "नवस तू बोललीस. लेकरू कुठं बोललंय?"

मी वाटी उचलली आणि आंब्याच्या मुळाशी उपडी केली. म्हातारीनं तिच्या बिऱ्हाडातून मातीची परळ आणली, तिच्यात ताक ओतलं. दुधानं तोंड पोळलेल्यानं ताकही फुंकून प्यावं म्हणतात, मी तर आधी स्वतः पिऊन बघितलं. मग शेवंता घोट घोट प्यायली आणि तिच्या ओठाला पांढरी मिशी आली. शेवंताचे वडील दिवस मावळता मावळता बैलगाडी घेऊन परत आले, तेव्हा म्हातारी मेंढरं कोंडायला निघून गेली होती. मी त्यांना तेव्हा काही सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण आधी सकाळ बघायची होती.

रात्र आम्ही पुढच्या वस्तीवर काढली. रविवारी सकाळी मी डोस थेट बाटलीतून दिला आणि गाडीत बसून शेवंताच्या तोंडाकडं टक लावून राहिले. बैल आपल्या चालीनं चालले होते. तिनं जांभई दिली तरी माझा हात घमेल्याकडं जायचा. थोड्या वेळानं तिनं माझा पदर ओढला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आई, आज उलटी कवा हुणार?" जेवायला कधी, असं विचारावं तसं. रविवारी देवाला हात जोडायचे, औषध घ्यायचं आणि मग उलटी व्हायची, अशीच तिची समजूत झाली होती. मी तिला छातीशी धरलं.

उलटी झाली नाही. पाली दिसली तरी नाही, तारळी नदीत पाय धुतले तरी नाही. देवळात भंडाऱ्याचा पिवळा धूर उठला होता, "येळकोट येळकोट" चाललं होतं, लोक नारळ-खोबरं घेऊन पुढं सरकत होते. माझे हात रिकामे. जे द्यायला निघाले होते ते आंब्याच्या मुळाशी गेलं होतं. देवापुढं उभी राहिले आणि पहिल्यांदाच मला काही मागायचं सुचेना. आजवर देवापुढं गेले की माझी यादी तयार असे. हे कर, ते कर, लवकर कर. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "देवा, पोरगी माझ्याच हातानं आजारी पडत होती. तुझ्यावर टाकलं असं मी म्हणाले, पण टाकलं नव्हतं. तुला कामाला लावलं होतं." आणि मला फार हलकं वाटलं. इतकी वर्षं उगीच चालणारे माझे पाय तिथं घटकाभर जागच्या जागी उभे राहिले.

बाहेर नदीच्या काठी आम्ही भाकरी सोडली. शेवंता चटणी-भाकरी खात होती, नाकावर भंडारा, दोन्ही गाल भरलेले. तेव्हा मी यांना सगळं सांगितलं. वाटी काढून त्यांच्या हातात दिली. ते ती फिरवून बघत राहिले, बाटली बघितली होती तशीच. मग म्हणाले, "आगं, एवढंच हुतं तर मला सांगायचं न्हाईस?"

मी म्हटलं, "तुमी हासला असता."

"हासलो असतो," ते म्हणाले. "आन् मग वाटी बघितली असती."

ते मला याहून जास्त काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढं जन्मभरही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. येताना मी त्या आंब्यापाशी गाडी थांबवायला लावली. म्हातारीसाठी प्रसादाचं खोबरं राखून ठेवलं होतं. पण वाडा उठून गेला होता, रानात नुसत्या लेंड्या आणि चुलीचे दगड. शेतमालक म्हणाला, ती माणसं माणदेशाकडची, कुठं गेली ते सांगता येत नाही. मोटार मात्र दुरुस्त होऊन गेली होती. सांगलीच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा तेही हसले नाहीत. त्यांनी बाटलीवर स्वतःच्या हातानं एक चिठ्ठी डकवली: काचेतच ठेवावे. पुढं प्रत्येक रोग्याच्या आंबट औषधावर ती चिठ्ठी लागू लागली, असं त्यांच्या कंपौंडरनं यांना एकदा सांगितलं.

शेवंताचं पोट त्यानंतरही नाजूकच राहिलं. मोठा ताप आला, फार दगदग झाली की एखादा फेरा येई. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत तो तसा येत राहिला आणि मग आपोआप थांबला, डॉक्टर म्हणाले होते तसाच. पण रविवार निघून गेला. मी अजूनही शनिवारी दिवेलागणीला ती वाटी देवापुढं ठेवते. तिच्यात चिमूटभर भंडारा असतो, दुसरं काही नाही. सोपवणं म्हणजे वस्तू देवापुढं ठेवणं असं मी समजत होते. डोळे मिटून ठेवलं तर ते सोपवणं नव्हे, ते दडवणं. देवानं माझी ती वाटी बघितली होती, फक्त मला दाखवायला त्याला एक मोटार बंद पाडावी लागली आणि माझ्याच तोंडून मला ते ऐकवावं लागलं.

शेवंता आता दोन लेकरांची आई आहे. माहेरी आली की कधी कधी विचारते, "आई, ती म्हातारी खरंच कोण होती गं?" मी म्हणते, मला माहीत नाही बाई, धनगरीण होती, तिच्याकडं ताक होतं. त्यापुढचं मला कळत नाही आणि कळून घ्यायची घाईही उरलेली नाही. मला कळतं ते एवढंच, पोरी, की त्या दिवशी मोटार वेळेवर पोचली असती तर मी सकाळी तुला तो पाचवा डोस पाजला असता. आणि पाजताना हात जोडले असते.